माया न सोडता बेतलेला कोट

मास्तरांच्या पॅन्टची माया संपली तो दिवस त्यांच्या बायकोच्या पक्का लक्षात आहे. मास्तर तो विसरायचा प्रयत्न करतात.

शिंपीकाम न कळणाऱ्यांसाठी सांगायला हवं. कपडा शिवताना शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. माणूस फुगला की शिवण उसवायची, आतली थोडी माया बाहेर काढायची आणि पुन्हा शिलाई मारायची. हा शब्द ज्या कोणाला सुचला त्याला माणसांची चांगली पारख असावी, कारण माणसं फुगतात ती बहुतेक मायेच्याच जोरावर.

मास्तरांचं दुकान बेकरीच्या बरोबर समोर. दुकानाचे मालक तेच, कापड बेतणारे तेच, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या शरीरावर ताशेरे ओढणारेही तेच. काजं, बटणं आणि तुरपाई बायकोकडे. गळ्यात टेप, खिशात खडूचा तुकडा आणि तोंडात अवघ्या जगाबद्दल एक बारीकसा तिटकारा, हा त्यांचा कायमचा वेष. गिऱ्हाइकाची कंबर मोजताना आकडा मोठ्यानं पुकारायची त्यांना जुनी खोड. आकडा ऐकून रस्त्यावरचे लोक वळून बघायचे. गिऱ्हाईक पोट आत ओढायचं. मग मास्तर टेप तशीच धरून थांबायचे.

"सोडा."

"काय सोडू?"

"पोट. कोट घालून दिवसभर श्वास कोंडून बसणार आहात का? मग सोडा. आमच्यापासून काय लपवायचं!"

गिऱ्हाईक पोट सोडायचं, आणि मास्तर नवा आकडा आधीपेक्षा दुप्पट आवाजात पुकारायचे.

स्वतःच्या कमरेबद्दल मात्र त्यांचं धोरण फार उदार होतं. दरवर्षी ते आपल्याच पॅन्टची मागची शिवण गुपचूप उसवायचे, मायेतलं बोटभर कापड मोकळं करायचे आणि बायकोनं पाहिलंच तर म्हणायचे, "कापड आटतं." बेल्टही आटतो, खुर्चीही अरुंद होत जाते, बसमधल्या सीटा तर हल्ली पोरांसाठीच बनवतात, असं त्यांचं एकूण निरीक्षण होतं. रक्तातली साखर काही वर्षांपूर्वीच सापडली होती. डॉक्टरांनी गोळी दिली होती. मास्तरांनी त्या गोळीचा अर्थ परवाना असा लावला. गोळी घेतली की समोरच्या बेकरीतला केक माफ.

त्या दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणे पॅन्ट उलटी केली, शिवणीवर बोट फिरवलं आणि बोट थांबलं. आत काहीच नव्हतं. होती ती नुसती शिलाई. मोकळ्या केलेल्या जुन्या शिवणींच्या फिक्या रेघा तेवढ्या एकाशेजारी एक दिसत होत्या.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"माया संपली."

"कधी ना कधी संपायचीच," ती म्हणाली आणि बटण लावत राहिली.

एवढ्यावर भागलं असतं तर मास्तरांनी नवी पॅन्ट शिवली असती आणि गोष्ट इथंच संपली असती. पण त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरनं त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले, यंत्रापुढं हनुवटी टेकवायला लावली आणि बराच वेळ आत डोकावून पाहिलं. दुसऱ्यांना न्याहाळायची सवय असलेल्या माणसाला कोणी आपल्याला असं न्याहाळलेलं आवडत नाही. मास्तर चुळबुळले.

"पडद्यावर बारीक ठिपके दिसायला लागलेत," डॉक्टर म्हणाला. "साखरेचे. आत्ताच साखर आणि वजन खाली आणलंत तर बहुतेक इथंच थांबतील. सहा महिन्यांनी पुन्हा बघू."

"आणि नाही आणलं तर?"

"व्यवसाय काय तुमचा?"

"शिलाई."

"मग सुईत दोरा ओवायला माणूस ठेवावा लागेल," डॉक्टर हसत म्हणाला.

बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं की त्यानं नेमकं वर्मावर बोट ठेवलंय. दोरा ओवायला दुसऱ्याला हाक मारणाऱ्या शिंप्यानं मशीन विकून छत्र्या दुरुस्त कराव्यात, असं मास्तर आयुष्यभर म्हणत आले होते. तसे दोन समव्यावसायिक त्यांनी या एका वाक्यानं कायमचे तोडले होते. घरी येताना ते एक अक्षर बोलले नाहीत. बायको घाबरली. मास्तर गप्प म्हणजे प्रकरण गंभीर.

बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. साखरेचा आजार हा एकच आजार असा आहे की त्यावर निरोगी माणसंच जास्त बोलतात. बेकरीवाला म्हणाला, साखर सोडा आणि मध खा. मास्तरांनी त्याला विचारलं, मधमाशा काय मीठ गोळा करतात का? शेजारच्या औषधाच्या दुकानातली मुलगी म्हणाली, गव्हाची बिस्किटं खा, पाकिटावर पळणाऱ्या माणसाचं चित्र आहे. "तो पळतोय," मास्तर म्हणाले, "मी खातोय. दोघांचं जमायचं कसं?"

सगळ्यांवर कडी केली मेव्हण्यानं. बायकोचा हा धाकटा भाऊ दर मोसमात नवा आहार धरतो. एकदा नुसती फळं, एकदा नुसतं मांस, एकदा जेवायचंच नाही आणि एकदा जेवून मग पस्तावायचं. दर वेळी बारीक होतो, दर वेळी दीडपट फुगतो. मास्तर त्याच्या पॅन्ट आत घे, बाहेर काढ, आत घे, बाहेर काढ असं करून इतके कंटाळले होते की त्याच्या कमरेला शिलाईऐवजी नाडी घालावी, अशी सूचना त्यांनी कधीच करून ठेवली होती.

"दाजी, पोटाला सुट्टी द्या!" मेव्हणा म्हणाला. "दिवसातून एकदाच खायचं. बाकी वेळ पोट रिकामं. आतली चरबी आपोआप जळते. मी स्वतः करतोय."

"ते दिसतंय," मास्तर त्याच्या ढेरीकडे बघत म्हणाले. "सुट्टीवर गेलेलं पोट चांगलंच आराम करतंय."

"तुम्ही हसा. आणि ही भुकटी घ्या, कडू आहे, पण साखर मुळापासून उपटते."

"अरे, माझी साखर रक्तात आहे. तिथं काय झाड लावलंय का, मुळापासून उपटायला?"

शेवटी बायकोनंच त्यांना आहारतज्ज्ञाकडे नेलं. खोली लहान होती. टेबलावर रबरी भात, रबरी अंडं, रबरी मासा आणि प्लॅस्टिकचं लालभडक सफरचंद मांडलेलं. मास्तरांनी सफरचंद उचलून दाबून पाहिलं. इथं खाण्यासारखं काही आहे ते हेच, आणि तेही खोटं! पलीकडे बसलेली मुलगी वयानं त्यांच्या लेकीएवढी आणि अंगानं टेपएवढी होती. जिला कधी भूक लागली असेल असं वाटत नाही, ती आता मला भुकेबद्दल शिकवणार, असं मास्तरांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

"काका, ताटाचे भाग करू," ती म्हणाली आणि एका ताटलीत रबरी पदार्थ मांडू लागली. "अर्ध्या ताटात भाज्या. पाव भागात डाळ, अंडं किंवा मासा. उरलेल्या पाव भागात भात नाहीतर पाव. दोन्ही नाही. सकाळचं खाणं चुकवायचं नाही. तुमची गोळी अशी आहे की ती घेऊन उपाशी राहिलात तर साखर एकदम खाली जाईल. जेवल्यावर थोडं चाला. संध्याकाळी भूक लागली तर मूठभर शेंगदाणे."

"आणि केक?" मास्तरांनी सापळा लावला.

"एखाद्या दिवशी लहानसा तुकडा खाल्लात तर आभाळ कोसळत नाही. त्या वेळी पाव सोडा."

"किती लवकर बारीक होईन?"

"सावकाश. थोडंसं वजन उतरलं तरी साखर ऐकायला लागते. आणि काका, एकदम घाम आला, हात थरथरले, तर आधी साखरपाणी प्यायचं. काकू, तुम्हीही लक्षात ठेवा."

बाहेर येताच मास्तरांचा बांध फुटला. "बघितलंस? ही बाई ताटात माया सोडते! थोडे शेंगदाणे, थोडा केक, सावकाश! अगं, याच मायेनं माझी पॅन्ट संपवली. फुगायला जागा ठेवली की माणूस फुगणारच. कपडा कसा हवा? अंगाबरोबर!"

"मला बरी वाटली पोरगी."

"तुला वाटणारच. तुझा सगळा कारभारच मायेचा."

हे मात्र खोटं नव्हतं. बायकोचा हात सढळ. मास्तरांचं लक्ष दुसरीकडे गेलं की त्यांच्या ताटातला भात आपोआप वाढायचा. "घ्या हो, एवढ्यानं काय होतंय," हे त्या घराचं ब्रीदवाक्य होतं, आणि एवढ्यानं काय होतं ते आता डोळ्यांच्या डॉक्टरला यंत्रातून दिसत होतं.

मग मास्तरांनी आपला आहार आपणच बेतायचं ठरवलं. टेबलावर खडूनं आखून. सकाळी बिनसाखरेचा चहा, बस. दुपारी काकडी आणि एक उकडलेलं अंडं. संध्याकाळी गरम पाणी. आणि दिवसभर तोंडी लावायला दुसऱ्यांची निंदा. मेव्हण्याची पोटाची सुट्टी ती हीच, फक्त तिच्यातली मजा काढून टाकलेली. ज्या माणसाच्या अकलेची त्यांनी वर्षानुवर्षं टर उडवली, त्याचीच अक्कल ते आता गुपचूप वापरत होते. हे कोणी सांगितलं असतं तर त्यांनी सांगणाऱ्याची कंबर मोजली असती.

सुरुवातीला विजय झाला. पट्ट्यात बोट जायला लागलं. मास्तर बेकरीच्या दारात उभं राहून केक खाणाऱ्यांकडे अशा नजरेनं बघू लागले की बेकरीवाला येऊन म्हणाला, "मास्तर, गिऱ्हाईक पळवता का माझं?" शेजारच्या इमारतीतले जाडजूड वकीलसाहेब कोटाचं माप द्यायला आले आणि उद्गारले, "मास्तर, वाळलात हो!" मास्तर इतके खूश झाले की त्यांनी वकिलांच्या पोटाचा आकडा चक्क हळू आवाजात सांगितला.

वकिलांचं कापड उंची होतं, काळंभोर, हाताला लोण्यासारखं. एका मोठ्या खटल्यासाठी त्यांना कोट हवा होता. मास्तरांनी सकाळी गोळी घेतली, चहा घेतला आणि कापड टेबलावर पसरलं. समोर भट्टी उघडली होती. ताज्या पावाचा वास सरळ दुकानात शिरून त्यांच्या नाकाशी भांडत होता.

"पंखा लाव," ते बायकोवर खेकसले.

"चालूच आहे."

"मग मोठा कर!"

"याहून मोठा केला तर कापड उडेल."

मास्तरांनी कपाळ पुसलं. शर्ट पाठीला चिकटला होता. खडूची रेघ किंचित वाकडी आली. त्यांनी ती पुसून पुन्हा ओढली. मग कात्री चालवली. कात्री चालली, पण हात आपला नसल्यासारखा. पाठ कापली, पुढा कापला, बाह्या कापल्या. मग ते तसेच उभे राहिले.

"टेप दे गं," ते म्हणाले.

"गळ्यातच आहे तुमच्या."

"ही नव्हे... ती... लोखंडाची."

बायकोनं मान वर केली. लोखंडाची टेप? मास्तरांच्या हातात कात्री होती आणि ती थरथरत होती. ओठ पांढरे पडले होते. एरवी रागानं लाल होणारा माणूस असा कागदासारखा दिसला, तेव्हा तिला त्या प्लॅस्टिकच्या सफरचंदामागचे शब्द आठवले. तिनं हातातला शर्ट टाकला, स्वतःच्या चहासाठी ठेवलेला साखरेचा डबा ओढला आणि पेल्यात दोन-तीन चमचे साखर ओतून पाणी ढवळलं.

"साखर?" मास्तर पुटपुटले. "मला? विष पाजतेस?"

"आधी प्या. मग भांडा."

"मी नाही..."

"पिता का, का त्या वकिलांना हाक मारू? बघू देत त्यांना त्यांचा शिंपी!"

ही धमकी लागू पडली. मास्तर प्यायले. स्टुलावर बसले. थोड्या वेळानं ओठांना रंग आला, हात थांबला, आणि बायकोनं बेकरीतून आणलेला पाव आणि उकडलेलं अंडं त्यांनी मुकाट खाल्लं. माणूस पूर्ण शुद्धीवर आल्याची खूण म्हणजे ते म्हणाले, "साखर नीट विरघळली नव्हती."

बायकोनं पेला बाजूला ठेवला. तिनं टेबलावरचे काळे तुकडे उचलले. कच्चे टाके घालण्यासाठी पाठ आणि पुढा एकमेकांवर ठेवले. कडा जुळवल्या. पुन्हा जुळवल्या.

"अहो, याला माया कुठंय?"

मास्तर उठले. टेप लावली. वकिलांचं माप होतं, अगदी काट्यावर. रेघेवरच कात्री चालवली होती. रेघेबाहेर सोडायचं ते सोडलंच नव्हतं. हाताला इतकी सवय असलेली गोष्ट, आणि हातच विसरला. आता हे शिवलं तर शिवणीत जाईल तेवढा कोट लहान होणार आणि वकीलसाहेब त्यात कधीही मावणार नव्हते. अगदी पोट आत ओढूनसुद्धा.

"ठेवायची राहिली," मास्तर म्हणाले.

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. "कोटात पण?"

एवढंच म्हणाली आणि तुरपाईला बसली. मास्तरांनी आयुष्यात हजारो लोकांना टोमणे मारले असतील, पण इतका अंगाबरोबर शिवलेला टोमणा त्यांना स्वतःलाही कधी जमला नव्हता.

पुढच्या सकाळी, पोटभर खाऊन, ते बायकोला घेऊन आहारतज्ज्ञाच्या त्या लहान खोलीत जाऊन बसले. मुलीनं सगळं ऐकलं. रागावली नाही. आधी डॉक्टरांना फोन लावून गोळीचं बोलली, मग म्हणाली, "तुम्ही शिक्षा ठोठावून घेतली होती काका. आहार नव्हता तो."

मास्तर सफरचंदाशी चाळा करत होते. "बाई," ते म्हणाले, "तुमच्या त्या बेतात माया किती आहे?"

"काय?"

मग त्यांनी तिला शिवणीतल्या जास्तीच्या कापडाचा अर्थ समजावला. आवाजात तिटकारा न ठेवता. बायकोला ऐकून नवल वाटलं. मुलगी हसली.

"आहे की! भरपूर आहे. एखाद्या दिवशी बाहेर जेवाल, एखाद्या दिवशी जास्त भूक लागेल, कधी कंटाळा येईल. त्यासाठी जागा सोडलीय."

"म्हणजे आत ठेवायची. उठसूट बाहेर काढायची नाही."

"अगदी तसंच."

"मग आधी असं सांगायचं ना!" मास्तर म्हणाले. "आणि हे सफरचंद बदला. सडकं परवडलं, हे बघवत नाही."

घरी त्या दिवसापासून भाज्यांनी अर्धं ताट व्यापलं. मास्तर त्यांच्याकडे उसनवारीला पाहुणे आल्यासारखं बघायचे, पण संपवायचे. बायकोचा हात सवयीनं भाताच्या भांड्याकडे जायचा. मास्तर म्हणायचे, "माया आत ठेव." ती हात मागे घ्यायची. कधी कधी तीच म्हणायची, "आज काढू का थोडी?" आणि ते विचार करून मान हलवायचे. कधी हो, बहुतेक वेळा नाही. जेवण झालं की दोघं चौकापर्यंत चालायची आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाच्या कपड्यांची यथेच्छ नालस्ती करायची. मास्तरांच्या मते त्यानं अन्न लवकर पचतं.

वकिलांना त्यांनी खरं सांगितलं, की कापड माझ्या हातून वाया गेलं. तसंच दुसरं आणून वेळेत कोट शिवून दिला. पहिल्या तुकड्यांचं काय करायचं, असं बायकोनं विचारलं. मास्तरांनी ते शिवले. नेहमीची शिवण घेऊन. वकिलांपेक्षा लहान, आणि मास्तरांपेक्षाही लहान असा एक काळा कोट तयार झाला. तो त्यांनी आरशाशेजारच्या खुंटीला लावला आणि अधूनमधून दार लोटून घालून पाहायला लागले. बायको पाठमोरी बसून काजं करायची. आधी बटण आणि काज यांच्यामध्ये हातभर अंतर होतं. मग वीतभर. मग बटण आणि काज एकमेकांना ओळखू लागली.

मध्येच मेव्हणा आला. कंबर पुन्हा सैल करायची होती. भुकटी सोडून त्यानं आता सूप धरलं होतं.

"दाजी, काढा ना थोडी माया."

मास्तरांनी पॅन्ट उलटी केली आणि त्याच्या नाकाखाली धरली. "दाखव. कुठंय? आणि आधी ताट दाखव. मग पॅन्ट दाखव."

डोळ्यांच्या डॉक्टरनं पुन्हा थेंब घातले, पुन्हा डोकावलं. या वेळी मास्तर चुळबुळले नाहीत. श्वास मात्र रोखून धरला होता. डॉक्टर ते बघून म्हणाला, "सोडा."

"काय?"

"श्वास. ठिपके वाढलेले नाहीत. साखरही उतरलीय. असंच चालू ठेवा, दरवर्षी दाखवत राहा."

दुकानात परत आल्यावर थेंबांमुळं सगळं जग धुरकट दिसत होतं. मास्तर आज काम करणार नव्हते, तरी स्टुलावर बसून राहिले. संध्याकाळी नजर निवळली, तशी त्यांनी टेबलावरून बारीकातली बारीक सुई उचलली. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं. पहिल्यांदा चुकलं. बायकोचं बटण अर्ध्यात थांबलं होतं, पण तिनं हात पुढे केला नाही. दुसऱ्यांदा दोरा आरपार गेला.

"सुया हल्ली भलत्याच करतात," मास्तर म्हणाले. "भोकं आटतात."

त्याच वेळी वकीलसाहेब बटण तुटलं म्हणून आत आले आणि खुंटीकडे बघून थबकले. "वा! हा कोणाचा कोट? कापड तर माझ्या कोटासारखंच दिसतंय."

"आहे एक गिऱ्हाईक," मास्तर सुईकडे बघत म्हणाले. "नुसता ट्रायलला येतो. घेऊन जात नाही. महाआळशी माणूस."

"मग बसतो का त्याला?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती काजावर वाकली होती आणि तिचे खांदे हलत होते.

"वरची दोन बटणं लागतात," ती म्हणाली. "तिसऱ्याला पोट ओढतात आत."